भुकेचं कौतुक पुरे

आपल्याकडे एखादा खेळाडू मोठा झाला की लोक सगळ्यात आधी त्याच्या घरातला पिठाचा डबा उघडून बघतात. डबा रिकामा निघाला की पत्रकार खूश, पुढारी खूश, आणि सत्काराचा सूत्रसंचालक तर फारच खूश. डबा भरलेला असला तर मग बातमीत काही दम नाही!

२०२० च्या ऑगस्टमध्ये आमच्या उस्मानाबादच्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. (तेव्हा उस्मानाबादच होतं. धाराशिव हे नाव अधिकृतपणे २०२३ मध्ये आलं. मी दोन्ही वापरतो, सवय आहे.) खो-खोला याआधीचा अर्जुन १९९८ चा, शोभा नारायण यांचा. म्हणजे मध्ये २२ वर्षं गेली. तेवढ्या काळात खेळाडूंची एक अख्खी पिढी पळाली, पडली, गुडघे फोडून घेतले आणि मैदानाबाहेर गेली, आणि त्यातलं कोणीही दिल्लीला दिसलं नाही. माझ्या मते बातमी ही होती. पण जिकडे तिकडे छापून काय आलं? दहा वर्षं एक वेळ जेवून काढणाऱ्या मुलीला अर्जुन पुरस्कार. झालं. सगळ्यांचे डोळे पाणावले, सगळ्यांनी एकमेकांना ते वाचायला दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागले.

आता हे स्पष्ट करतो की माझा राग सारिकावर नाही. जे होतं ते तिने सांगितलं. आजीआजोबांच्या कमाईवर घर चालायचं, आई शिवणकाम करायची, असं तिने सरळपणे सांगितलं, त्याचं भांडवल केलं नाही. माझा राग आपल्या ऐकण्यावर आहे. कारण त्याच बोलण्यात तिने आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि ती बहुतेकांच्या कानावरून गेली. ती म्हणाली होती की चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते फक्त शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावर. हे वाक्य मी तेव्हा दोनदा वाचलं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. देशासाठी खेळणाऱ्या मुलीच्या पोटाची काळजी व्यवस्था कधी घेते, तर तिला मैदानावर उभं करायचं असेल तेवढेच दिवस. स्पर्धा संपली की ताट उचललं. भाड्याच्या बैलालासुद्धा पेरणी झाल्यावर कोणी उपाशी परत पाठवत नाही हो!

आणि आता २०१६ चं बघा. त्या वर्षी फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. खो-खोचा त्यात पहिल्यांदाच समावेश झाला होता. भारताच्या मुलींनी सुवर्णपदक आणलं आणि कर्णधार होती सारिका काळे. बरोबर त्याच वर्षी, पैशाच्या विवंचनेमुळे, तिने खेळ सोडून द्यायचं ठरवलं होतं. हे मी म्हणत नाही, तिचे प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी समजावलं, ती परत मैदानावर आली, पुढचं सगळं झालं. चांगलंच झालं. पण मला सांगा, ज्या खेळात देशाची कर्णधार सोन्याचं पदक मिळवलेल्या वर्षीच हा खेळ परवडत नाही म्हणून दार लावून बसते, त्या खेळाच्या कारभाऱ्यांनी याचं काय करायला हवं होतं? लाज वाटायला हवी होती. आपण मात्र त्याचीही प्रेरणादायी गोष्ट केली. 'जिद्द', 'चिकाटी', 'हार न मानणारी रणरागिणी' वगैरे. (रणरागिणी या शब्दावर काही वर्षं बंदी घालावी अशी माझी नम्र सूचना आहे.)

ज्यांनी शाळेनंतर खो-खो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे. दोन खांब, मध्ये रांगेत एकाआड एक उलट तोंडं करून बसलेल्या आठ जणी, आणि नववी पळणारी. समोरच्या संघातल्या तीन जणी आत येतात, त्या गेल्या की पुढच्या तीन. पाठलाग करणारीला मधली रेघ ओलांडायची नाही, एकदा दिशा धरली की खांबाला जाईपर्यंत उलटं फिरायचं नाही, बसलेलीच्या मागून खो द्यायचा आणि तिने उठून तेच सगळं पुढे न्यायचं. पळणारीला मात्र कुठेही जायची मुभा. म्हणजे नियमांनी एकीचे हातपाय बांधलेत आणि दुसरीला मोकळं सोडलंय, आणि तरीही बांधलेलीनं मोकळीला पकडायचं. त्यासाठी डोकं लागतं. खांबाशी पूर्ण वेगात येऊन एका हाताने खांब धरायचा, अंग आडवं बाहेर फेकायचं आणि पलीकडून जाणारीच्या टाचेला बोट लावायचं, यासाठी काय लागतं ते ज्याने मातीत एकदा तोंड घासून घेतलंय त्यालाच विचारा. हे वर्षानुवर्षं रोज केल्याशिवाय येत नाही. उस्मानाबादच्या उन्हात, मैदानाला पाणी मारून, दगड वेचून, रोज. याला आपण 'छंद' म्हणतो!

मला तर हे शुद्ध काम वाटतं. गंमत म्हणजे या कामाचं मोजमाप करायला खो-खोवाले अजिबात विसरलेले नाहीत. कोणत्याही मराठी पेपरातली खो-खोची बातमी काढा. अमकीने २ मिनिटं १० सेकंद संरक्षण केलं, तमकीने १ मिनिट ४० सेकंद, शिवाय आक्रमणात ३ गडी. सेकंदांचा हिशेब! पतसंस्थेच्या दप्तरातही इतकी चोख नोंद नसेल. गवंड्याचे फूट मोजतात, ऊसतोड कामगाराचे टन मोजतात, आणि मोजून झालं की कमी का असेना पण पैसे देतात. खो-खोत सेकंदापर्यंत मोजतात आणि टाळ्या देतात.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात बरेच दिवस आहे, इथे सांगून टाकतो. राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडूला जे पुरस्कार देतात त्यांची नावं कधी ओळीने वाचलीत? पुरुषांना एकलव्य. महिलांना राणी लक्ष्मीबाई. कुमारांना वीर अभिमन्यू, मुलींना जानकी. नावं ठेवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, शंका नाही. पण या चौघांना शेवटी काय मिळालं ते बघा. एकलव्याने स्वतःच्या मेहनतीने विद्या मिळवली आणि फी म्हणून अंगठा गेला. अभिमन्यूला आत शिरायचं शिकवलं, बाहेर कसं यायचं ते शिकवायचं राहून गेलं. राणी रणात पडली. जानकीने सगळं सहन केल्यावर तिला पुन्हा रानात सोडलं. आपल्या खेळाडूकडून आपली नेमकी काय अपेक्षा आहे ते आपणच इतकं स्वच्छ लिहून ठेवलंय की वेगळी टीका करायची गरज नाही.

असो. आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप, आणि हा माझ्या ओळखीच्या भल्या भल्या माणसांनी घेतलाय: "अरे, परिस्थितीच माणसाला घडवते. भरल्या पोटी कोण असं पळेल?" हे वाक्य बोलणाऱ्यांची पोटं साधारणपणे भरलेली असतात हे सोडून देऊ. पण यातली मूळ चूक वेगळी आहे. आपण फक्त जे वर आले तेच मोजतो. आमच्या वर्गात एक मुलगी होती, नाव सांगत नाही. आठवीत असताना ती खांबावर जे करायची ते बघायला वरच्या वर्गातली पोरं खिडकीत येऊन उभी राहायची. तिची परिस्थितीही तिला घडवतच होती म्हणायची. नववीच्या सुगीत ती महिनाभर आलीच नाही, दहावीनंतर लग्न झालं. मागे एकदा कळंबच्या बाजारात भेटली, दोन लेकरं बरोबर होती. खो-खोचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. तिच्यावर कोण लेख लिहिणार? गरिबी जर खेळाडू घडवत असती तर आमचा जिल्हा एव्हाना ऑलिंपिकच्या पदकांनी भरून गेला असता. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातल्या मागास, म्हणजे त्यांच्या गोड भाषेत 'आकांक्षित', जिल्ह्यांची यादी काढली तेव्हा महाराष्ट्रातले जे चार जिल्हे त्यात होते त्यात आम्ही होतो. गरिबीचा कच्चा माल भरपूर आहे आमच्याकडे, कारखाना मात्र कुठे दिसत नाही. सारिका गरिबीमुळे घडली नाही. घरात ती वळण लावणारी माणसं होती, गावात खो-खोची परंपरा होती, एक प्रशिक्षक वर्षानुवर्षं मागे लागलेला होता, आणि मुळात तिच्यात ते होतं. गरिबीने फक्त वाटेत पाय घातला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "सरकार नोकरी देतंच की! ५ टक्के आरक्षण आहे खेळाडूंना. सारिकालाही मिळाली." हो, मिळाली. अर्जुन जाहीर झाला त्या वेळी ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. तिला ती नोकरी मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे आणि क्रीडा खात्यात खुर्चीवर खेळाडू असणं तर उत्तमच. पण या व्यवस्थेचं तत्त्व काय आहे ते तपासू या. खेळाडू विशीत असतो, पाय चालत असतात, तेव्हा त्याला खेळण्याबद्दल पगार नाही. त्याने तेव्हा कसंही करून भागवायचं. मग पायातली चांगली वर्षं सरत आली की त्याला दुसरंच काहीतरी करण्याबद्दल पगार. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, म्हणजे खेळल्याबद्दल गणितात पास. कुठे घर, कुठे नोकरी, कुठे ट्रॅकसूट आणि शाल-नारळ. खेळाच्या बदल्यात सगळं मिळतं, फक्त खेळण्याचे पैसे मिळत नाहीत.

आणि याचे परिणाम कसे होतात? बक्षीस जर फक्त नोकरी असेल तर किंमत खेळाला राहत नाही, प्रमाणपत्राला येते. मग ज्यांनी आयुष्यात मैदान पाहिलं नाही अशांची खोटी प्रमाणपत्रं निघतात. महाराष्ट्रात निघाली, गुन्हे दाखल झाले, लोक नोकरीतून गेले. त्यावर उपाय म्हणून पडताळणी इतकी कडक केली की खऱ्या खेळाडूनेच फाईल घेऊन हेलपाटे घालायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी यालाच म्हणतात.

इथे मला एका अमेरिकन माणसाची गोष्ट सांगायचीय. मुद्दा सोडून चाललोय असं वाटेल, पण नाही. बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळात तिकडेही हेच चालायचं. खेळाडूने पैसे घेणं म्हणजे पाप, खेळ हा सभ्य गृहस्थांनी फावल्या वेळात खेळायचा, वगैरे. पण जिंकायचं तर चांगला खेळाडू पाहिजे आणि चांगल्या खेळाडूला पोट असतं. मग त्यांनी काय केलं? नोकऱ्या दिल्या! जॉर्ज राइट नावाचा एक जबरदस्त खेळाडू १८६७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल्स संघात होता, तर कागदोपत्री तो सरकारी कारकून. त्याच्या कचेरीचा जो पत्ता दिला होता तिथे शोधायला गेलं तर सार्वजनिक बाग होती. ओळखीचं वाटतंय ना?

या जॉर्जचा थोरला भाऊ हॅरी राइट. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, बाप न्यूयॉर्कच्या क्रिकेट क्लबचा पगारी खेळाडू, हाही तिथेच शिकला. बेसबॉलमध्ये तो सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या पार मागच्या बाजूला, मध्यभागी उभा राहायचा. आउटफिल्डर. आपल्या भाषेत सांगायचं तर सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक, ज्याच्याकडे दहा-पंधरा मिनिटांत एखादा चेंडू येतो आणि तो सुटला की सामना गेला. १८६९ मध्ये सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्ज संघाचा तोच सूत्रधार होता, आणि त्यांनी एक साधी गोष्ट केली. लपवाछपवी बंद. सगळ्या खेळाडूंना उघड पगार, मोसमभराचा, ठरलेला. हॅरीला १२०० डॉलर, जॉर्जला १४०० (धाकटा जास्त चांगला खेळायचा, म्हणून त्याला जास्त. थोरल्याने हे मान्य केलं हेही विशेषच). त्या काळच्या कुशल कारागिराच्या वर्षाच्या कमाईपेक्षा ही रक्कम मोठी होती. तेव्हाही सभ्य लोकांनी नाकं मुरडली. पैशाने खेळ नासेल म्हणाले. आणि झालं काय? पोटाची चिंता नसलेली ती माणसं रोज एकत्र सराव करू लागली आणि त्या अख्ख्या मोसमात एकदाही हरली नाहीत. पुढच्या वर्षी जूनमध्ये ब्रुकलिनच्या संघाने हरवलं, गर्दी ओसरली, क्लबने पगार बंद केले. हॅरी राइट बॉस्टनला गेला आणि तिथे १८७२ ते १८७५ अशी ओळीने चार विजेतेपदं घेतली. क्लब बंद पडला, पण खेळणं हा पेशा असतो ही गोष्ट काही परत मागे गेली नाही.

लक्षात घ्या, १८६९. महात्मा गांधींचा जन्म झाला ते वर्ष. तेव्हा एका आउटफिल्डरला उभं राहायचे, पळायचे आणि झेल घ्यायचे पैसे मिळत होते. आणि २०१६ मध्ये भारताची कर्णधार विचार करत होती की हे सोडलेलं बरं.

"पण बाबा, आता लीग आली की." हां, तिसरा आक्षेप. आली ना. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो आली, पुण्यात बालेवाडीला पहिला हंगाम झाला, सहा संघ, मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात. वरच्या गटातल्या खेळाडूला ५ लाख रुपये. दुसरा हंगाम २०२३ च्या अखेरीस कटकला सुरू झाला. मला ही लीग आवडली, खोटं कशाला बोलू. ज्या खेळाला आपल्या शाळेच्या मागच्या मातीत पाहिलं तो टीव्हीवर असा दिसतो हे बघून मजा आली. पण हे दोन्ही हंगाम कोणाचे? पुरुषांचे. फक्त पुरुषांचे. ज्या खेळाला २२ वर्षांच्या दुष्काळानंतर अर्जुन मिळवून दिला एका बाईने, त्यानंतर २०२३ च्या यादीत जो अर्जुन आला तोही नसरीन शेख या मुलीचा, त्या खेळाची पहिली पगारी दारं उघडली तेव्हा बाया दाराबाहेर!

का? तर म्हणे बायकांचा खेळ बघणार कोण. हे ऐकलं की मला हसावं की रडावं कळत नाही. २०२३ मध्ये महिलांच्या क्रिकेट लीगचा पहिला लिलाव झाला तेव्हा आमच्या महाराष्ट्राच्या, सांगलीच्या मातीत वाढलेल्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. तिच्याबाबतही हेच विचारत होते की वर्षानुवर्षं. बघणारे आधी तयार होतात आणि मग खेळ सुरू होतो असं जगात कुठेच घडत नाही. आणि आमच्याकडे तर बघणारे आहेतच. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा उस्मानाबादला झाली. खो-खो म्हटल्यावर बघायला येणारी माणसं आमच्या भागात सापडतात, थंडीत कानटोपी घालून, शेंगा फोडत, कुणाचा खो चुकला यावर पंचांशी वाद घालणारी. पन्नाशीच्या बायासुद्धा, ज्या कधीकाळी स्वतः खेळल्या होत्या. या प्रेक्षकांना कुणी तिकीट विकायला आलंच नाही.

आता २०२५. जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि नोकरी जाहीर केली. कर्नाटकातल्या दोन खेळाडूंना त्यांच्या सरकारने ५ लाख देऊ केले तेव्हा त्यांनी महाराष्ट्राकडे बोट दाखवून ते नाकारले, इतका आपला बोलबाला झाला. अभिनंदन, अगदी मनापासून. अश्विनीला आणि बाकीच्यांना मिळालेला एकेक रुपया त्यांच्या हक्काचा आहे, त्यात कुणी नाक खुपसू नये.

पण हा पगार नाही, ही सोडत आहे. विश्वचषक जिंकला तर सव्वादोन कोटी. अंतिम सामन्यात हरल्या असत्या तर? संघात पंधरा जणी असतात, सोळाव्या मुलीचं काय? तिने त्याच पंधरा जणींना सरावात पळवून पळवून तयार केलेलं असतं. तिला शून्य. सव्वादोन कोटी आणि शून्य यांच्या मध्ये काहीच नाही, जिना नाही, पायरी नाही. आणि जी मुलगी आज तेरा वर्षांची आहे, मैदानावर पहिल्यांदा आली आहे, सारिका आली होती त्याच वयात, तिच्या आईने कशाच्या भरवशावर तिला पाठवायचं? लॉटरीच्या?

जरा हिशेब करू, मला हिशेब करायला आवडतं. समजा धाराशिव जिल्ह्याने पंधरा मुलींचा एक संघ ठेवला आणि प्रत्येकीला महिना ३० हजार रुपये पगार दिला. नोकरी वगैरे नाही, काम एकच, खो-खो खेळायचा. महिन्याला साडेचार लाख, वर्षाला ५४ लाख. म्हणजे एका खेळाडूच्या एका बक्षिसाच्या रकमेत पंधरा जणींचा संघ चार वर्षं चालतो, वर नऊ लाख शिल्लक राहतात, त्यात बूट आणि खुराक बसवा. "जिल्ह्याकडे इतके पैसे नाहीत" हे मला सांगू नका. आमच्याकडे दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या भाऊंच्या, दादांच्या, साहेबांच्या वाढदिवसाला टेनिस बॉल क्रिकेटचे चषक होतात. पहिलं बक्षीस रोख लाख रुपये, मालिकावीराला मोटारसायकल. तालुक्यातालुक्याला होतात. पोरं आठवडाभर खेळतात आणि मोटारसायकल जिंकणारा पोरगा पुढच्या वर्षी तीच विकतो. दहीहंडीचं तर बोलायलाच नको. पैसा आहे. तो फक्त फ्लेक्सवर ज्याचा फोटो येतो त्याच्या मर्जीने, एका रात्रीपुरता बाहेर येतो. महिन्याच्या महिन्याला देण्यात फोटो निघत नाही हीच अडचण आहे.

आणि हो, एखाद्या साखर कारखान्याने, एखाद्या बँकेने हे मनावर घेतलंच, तर एक अट घालावी म्हणतो. नेमणूक-पत्रावर पद म्हणून 'लिपिक' किंवा 'शिपाई' असं काही लिहायचं नाही. वॉशिंग्टनच्या त्या बागेत बसणाऱ्या कारकुनासारखं व्हायला नको. पदनाम: खो-खो खेळाडू. कामाचं ठिकाण: मैदान. कामाची वेळ: सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी चार ते सात. सुट्टी: दुखापत झाल्यास भरपगारी.